दिल्लीची जुनी गाडी घ्या, पण चावीच्या आधी एनओसी

"दिल्लीत गाडी स्वस्त मिळते. विमानाने जा, सौदा करा, येताना उदयपूर बघा. नावावर काय, सावकाश करता येते, कायद्यात बारा महिने दिलेत." सेकंड-हँड गाडीचा विषय निघाला की हे सांगणारा एक तरी भेटतोच. उदयपूरपर्यंत त्याचं बरोबर आहे. पुढचं साफ चूक.

ते बारा महिने मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मधले आहेत, आणि ते फक्त नंबरापुरते: परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. मालकी बदलाचं कलम वेगळं, ५०. त्यात खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर विकणाऱ्याने ४५ दिवसांत एनओसी, म्हणजे मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, द्यायची असते. बदली होऊन स्वतःचीच गाडी घेऊन आलेल्या माणसाची सवलत लोक विकत घेणाऱ्याला ऐकवतात आणि तो बिचारा वर्षभर दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवत बसतो. तोवर विकणाऱ्याचा फोन नंबर बदललेला असतो.

आता पैशांचं. दिल्लीत गाडी स्वस्त का, तर दोन कारणं. एक, तिथला रोड टॅक्स कमी. सहा ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला दिल्लीत ७ टक्के, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोलला ११ आणि डिझेलला १३ टक्के. दुसरं, डिझेलची दहा वर्षांची मर्यादा: त्याहून जुनी डिझेल गाडी तिथे चालवायला बंदी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ती घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली (२०२५ मध्ये त्यानेच कारवाई काही अंशी सैल केली), आणि २०१८ पासून आठव्या-नवव्या वर्षाला आलेली चांगली डिझेल गाडी तिथे पडत्या भावात निघते. घ्यायला हरकत नाही, पण दहावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत एनओसी हातात येईल एवढी फुरसत हवी. काठावरची गाडी कितीही चकचकीत असली तरी मी बघायलाही जात नाही.

आणि हिशेब करताना महाराष्ट्राचा टॅक्स धरा. तो तुम्ही किती रुपयांना घेतली यावर लागत नाही. मूळ इन्व्हॉइसवरची किंमत बघतात आणि गाडीच्या वयानुसार कर कमी होत जातो. "मी तीन लाखांना घेतली हो" हे खिडकीवर कोणी ऐकून घेत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून मूळ इन्व्हॉइस मागून घ्या. हरवलं असेल तर त्याने शोरूममधून प्रत काढून द्यावी, नंतर तुम्हाला ती कोणी देणार नाही. दिल्लीकडून उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मिळतो हे खरं, पण तो सौद्यात धरून किंमत वाढवून देऊ नका. आला तर आला.

गाडी तपासायला ओळखीचा मेकॅनिक आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्टरी, बस. मीटर मागे फिरवलेलं आहे का ते त्या हिस्टरीतच कळतं.

एनओसी: इथेच सगळं अडतं

एनओसी म्हणजे फॉर्म २८. अर्ज गाडीच्या मालकाच्या नावाने, त्याच्या आरटीओत. कागद साधा आहे, पण तो निघायच्या वाटेत चार खड्डे आहेत आणि चारही मी विकणाऱ्याच्या घरी बसूनच बुजवून घेतो.

पहिला, बोजा. गाडी कर्जावर घेतली असेल तर कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लावून तो उतरवावा लागतो. "लोन कधीच संपलंय" हे वाक्य दिल्लीत फार ऐकू येतं. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका. तिथे बँकेचं नाव दिसत असेल तर सौदा त्या दिवशी होत नाही.

दुसरा, चलानं. दिल्लीत कॅमेरे भरपूर, आणि थकलेलं चलान असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. ती विकणाऱ्याने भरायची. तुम्ही भरून किमतीतून वजा करू, असं म्हणालात तर उरलेली चलानं नंतर उगवतात.

तिसरा, चासी नंबर. फॉर्मवर पेन्सिलने घासून घेतलेला चासीचा ठसा लागतो. ठसा घेताना तो आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा, आणि ऑनलाइन नोंदीशीही. जुन्या गाड्यांच्या नोंदी कधीतरी हाताने टाइप झालेल्या आहेत. इंजिन नंबरात एक शून्य आणि ओ यांची अदलाबदल असली तरी ती दुरुस्ती दिल्लीतच होते, पुण्यात नाही. दोन-तीन ठसे जास्तीचे घेऊन ठेवा, इथे पुन्हा लागतात.

चौथा सगळ्यात वाईट, कारण तो कोणी सांगतच नाही. एनओसी "महाराष्ट्रासाठी" निघत नाही, एका ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. माझा पत्ता पिंपरी-चिंचवडचा, म्हणजे एमएच १४. दिल्लीतल्या ज्या डीलरने एकदा माझं काम घेतलं, त्याच्या माणसाने पुणे म्हणजे पुणे म्हणून पुणे शहराची, एमएच १२ ची एनओसी काढली. ती घेऊन मी मोशीला, एमएच १४ च्या आरटीओत गेलो तर "ही आमची नाही", संगम पुलाला, एमएच १२ च्या आरटीओत गेलो तर "पत्ता आमच्या हद्दीतला नाही". दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दुरुस्ती मूळ आरटीओतूनच, म्हणजे पुन्हा दिल्ली, पुन्हा मालकाची सही, आणि मालक तोवर पैसे घेऊन मोकळा. ठाणे आणि कल्याण, बोरिवली आणि अंधेरी, सगळीकडे हाच घोळ. तुमच्या पत्त्याचा कोड आधी पक्का करा, कागदावर लिहून द्या, आणि अर्ज सबमिट व्हायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट मागा.

कागद मिळाला की 'वाहन' या सरकारी प्रणालीतल्या ऑनलाइन नोंदीत एनओसी दिल्याचं दिसतंय का ते बघा. आपल्या खिडकीवर कागदाआधी स्क्रीन बघतात. काही वकीलबुद्धीची मंडळी सांगतील की ३० दिवसांत नाकारली नाही तर एनओसी दिली असं कायदाच मानतो. मानतो, कलम ४८ मध्ये आहे. पण ते कलम दाखवून कुणाची गाडी पास झालेली मी पाहिलेली नाही.

म्हणून पैशाचा नियम एकच: टोकन सौद्याला, मोठा हप्ता अर्ज दाखल झाल्यावर, आणि बोचेल एवढी रक्कम एनओसी हातात आल्यावर. विकणारा कुरकुर करेल. करू द्या. या अर्जांचे ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातात. पूर्ण पैसे मिळालेला माणूस रात्री साडेनऊला ओटीपी सांगायला फोन उचलत नाही. फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि ३० (मालकी बदलाचा अर्ज) वर त्याच्या सह्या समोर घ्या. तुम्हीही कोरा फॉर्म सही करून कुणाला देऊ नका. डीलर मध्ये असेल तर आरटीओचं प्राधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं. नाही म्हणाला तर तो फक्त दलाल आहे, हे समजून वागा.

परतीचा प्रवास

हा भाग मजेचा. एनएच ४८ ने जयपूर, अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत या. किंवा ग्वाल्हेर, इंदूर, धुळे. घाई करू नका, अनोळखी गाडी पहिल्या दिवशी तिचे आवाज सांगते. जवळ मूळ आरसी, एनओसी, सही केलेला फॉर्म २९, विक्रीची पावती, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, विमा आणि पीयूसी. आरसी दुसऱ्याच्या नावाची असल्याने तुमच्या डिजिलॉकरमध्ये ती दिसणार नाही, कागदच लागतील. फास्टॅग विकणाऱ्याचा असतो. त्याने तो बंद केला तर टोलवर जास्त पैसे भरावे लागतात, म्हणून निघण्याआधी आपला करून घ्या. आणि दिल्लीची स्वस्त बाटली डिकीत घालून गुजरातमार्गे येऊ नका. राजस्थानच्या सीमेवरचं रतनपूर ओलांडलं की गुजरातचं शामळाजी, तिथून पुढे दारूबंदी. डीएल नंबरची गाडी नजरेत भरते.

विम्याचं मात्र निघायच्या आधी बघा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर पॉलिसी तुमच्या नावावर झाल्यावरच. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो मागू नका.

इथे आल्यावर

परिवहनवर अर्ज, फॉर्म २७ नवीन नंबरासाठी, फॉर्म ३० मालकीसाठी, सोबत एनओसी आणि मूळ इन्व्हॉइस. गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) दाखला ऑनलाइन निघतो, तो काढून ठेवा. खिडकीवर अचानक मागतात. टॅक्स भरा, गाडी पासिंगला न्या, निरीक्षक चासी नंबर बघतो. एनओसी बरोबर असेल तर एजंटची गरज नाही. चुकीची असेल तर एजंटही काही करू शकत नाही, फक्त पैसे घेतो.

नवीन नंबर आला की नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवा, विमा कंपनीला नंबर कळवा आणि फास्टॅग पुन्हा नवा काढा, कारण जुना डीएल नंबरला जोडलेला असतो.