ओट्यावरच्या पत्र्याखाली हरितगृह करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात घराला लागून एखादी झाकलेली, पण भिंती नसलेली जागा बहुधा असतेच. कुठे तो पुढच्या ओट्यावरचा पत्रा असतो, कुठे मागच्या अंगणातील धुण्या-भांड्यांची छपरी, कुठे मोटारसायकल लावण्यासाठी टाकलेले शेड, तर कुठे गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी केलेला आडोसा. छप्पर आणि खांब आधीच उभे असल्यामुळे उघड्या बाजूंना प्लॅस्टिक लावले की घरगुती हरितगृह तयार होईल, असे वाटते. माझाही तोच समज होता. दक्षिणेकडे तोंड असलेल्या आमच्या ओट्यावर मी असे हरितगृह केले, तेव्हा पहिली दोन वर्षे चुका करण्यात आणि पुढची एक-दोन त्या निस्तरण्यात गेली. बहुतेक चुकांचे मूळ एकच होते. हरितगृह ही थंड प्रदेशांतली सोय आहे आणि तिथे ते ऊब धरून ठेवण्यासाठी बांधतात. आपल्याकडे मात्र वर्षाचा बराच काळ ऊब बाहेर कशी घालवायची, हाच प्रश्न असतो. त्यात छपराखालच्या जागेत उष्णता भरपूर आणि उजेड अपुरा, अशी उलटी स्थिती आयतीच मिळालेली असते.

म्हणून सर्वांत मोठी चूक उजेडाची. आपल्या डोळ्यांना सावलीतही लख्ख दिसते आणि त्यामुळे ओटा उजेडाचा आहे असे आपण ठरवून टाकतो. परंतु उन्हाळ्याच्या दुपारी उघड्यावर १,००,००० लक्सच्या आसपास असणारा प्रकाश पत्र्याखाली चार-पाच फूट आत गेल्यावर त्याच्या काही टक्क्यांवर आलेला असतो. मोबाईलवर लक्स मोजण्याची सोय मिळते, पण त्याहून सोपी परीक्षा अशी की, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवून त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट उमटल्या तर तिथे भाजीपाल्याचा विचार करता येतो. सावली पुसट असेल तर तिथे शोभेची पानांची झाडेच राहतील.

ही परीक्षा एकदाच करून थांबणे ही तिची जोडचूक होय. खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेला उघड्या आणि ९ फूट उंचीच्या ओट्यावर ऊन जवळजवळ ९ फूट आत येते. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा तेच ऊन साडेतीन फुटांवर अडते, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, आपली सावली भर दुपारी पायाखाली नाहीशी होते त्या दिवसांत, दुपारचे ऊन ओट्यावर पाऊलही टाकत नाही. मी डिसेंबरात पाहणी करून टोमॅटोची मांडणी मागच्या भिंतीशी केली होती. फेब्रुवारी संपेपर्यंत झाडे उजेडाकडे वाकून काठीसारखी लांबली आणि फुले लागण्याआधीच लोळली. पूर्वेकडे उघडी असलेली जागा आपल्याकडे सर्वांत सोयीची. पश्चिमेची जागा एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर भट्टी होते आणि तिला बाहेरून जाळी लावल्यावाचून गत्यंतर नसते.

उजेड वाढवण्यासाठी सगळे पत्रे काढून पारदर्शक पत्रे टाकावेत, असा सल्ला हमखास मिळतो. तो खान्देशात मानू नये. दर दोन लोखंडी पत्र्यांनंतर एक उजेडाचा पत्रा पुरतो आणि तोही लख्ख पारदर्शक नसून दुधी असावा, कारण दुधी पत्रा ऊन विखरून सगळीकडे पोहोचवतो आणि खालची पाने एका पट्ट्यात करपत नाहीत. खरेदी करताना नालीचा आकार जुन्या पत्र्याशी जुळतो की नाही, हे जुन्या पत्र्याचा तुकडा दुकानात नेऊन पाहावे. नाली जुळली नाही तर पहिल्याच पावसात सांध्यांतून पाणी गळते आणि मग कितीही डांबरपट्टी लावली तरी ते थांबत नाही. पोकळ पॉलिकार्बोनेट (आत पोकळ नळ्या असलेला कडक प्लॅस्टिकचा पत्रा) वापरायचे असेल तर अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू वर येईल असे पाहावे. ही बाजू वरच्या कागदावर छापलेली असते, आणि मिस्त्री घाईत कागद आधी सोलून टाकतात. त्याच्या पोकळ्या उताराच्या दिशेने असाव्यात आणि टोके टेपने बंद करावीत, नाहीतर आत शेवाळ व मुंग्या शिरतात. हे पत्रे उन्हात वाढतात: हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांतील ४० अंशांचा फरक धरला तर १० फुटी पत्रा सुमारे ८ मिलिमीटर लांबतो. त्यामुळे स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवून वर रबरी वायसर घ्यावा. घट्ट आवळलेला पत्रा भोकाशीच तडकतो.

छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर इथेच थांबावे. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते करवतीने कापले किंवा ड्रिलने भोके पाडली की त्याचे अतिशय बारीक तंतू हवेत उडतात, जे फुफ्फुसांना घातक आहेत. असा पत्रा बदलायचाच झाला तर पाण्याने भिजवून, तोंडाला योग्य मास्क लावून, न फोडता अख्खा उतरवावा. त्यावर किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पाय देऊन चढणे तर जिवावर बेतते.

उष्णतेकडे वळू. सगळ्या बाजू प्लॅस्टिकने बंद करून मी पहिल्या मार्चमध्ये फार समाधानाने थर्मामीटर टांगला होता. दुपारी दोन वाजता पारा बाहेरपेक्षा ९ अंशांनी वर होता. आत आलेले ऊन जमीन, कुंड्या आणि भिंत तापवते, त्यांच्या स्पर्शाने हवा तापते आणि त्या हवेला वर-बाहेर जायला वाटच नसते. म्हणून वाऱ्याची वाट दोन ठिकाणी हवी: एक खाली, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, आणि दुसरी छपराच्या अगदी वरच्या कडेला, जिथे पत्रा भिंतीला टेकतो. वरची वाट बहुतेक जण विसरतात, कारण ओट्याचा पत्रा भिंतीत बसवून वर सिमेंटने बुजवलेला असतो. दोन्ही मिळून उघडी जागा फरशीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाचव्या भागाइतकी असावी, आणि किडींसाठी बारीक जाळी लावणार असाल तर आणखी जास्त, कारण चाळीस मेशची (इंचाला चाळीस छिद्रांची) जाळी वारा बराच अडवते.

सावलीची जाळी आतून लावणे हीदेखील नेहमीची चूक आहे. आत लावलेली जाळी स्वतः तापते आणि ती उष्णता आतच सोडते. तीच जाळी उजेडाच्या पत्र्यांवर वीतभर अंतर सोडून बाहेरून ताणली तर ऊन बाहेरच्या बाहेर अडते. भाजीपाल्याला ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारी जाळी पुरे. ७५ टक्क्यांची जाळी गारवा देते हे खरे, पण आधीच छप्पर असलेल्या जागेत ती उजेडाचा उरलासुरला वाटाही खाऊन टाकते. जाळीऐवजी उजेडाच्या पत्र्यांवर मार्चमध्ये चुन्याचा पातळ हात दिला तरी चालते. पावसात तो आपोआप धुऊन जातो आणि नेमका तेव्हाच उजेड हवा असतो.

कूलरबद्दल वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मेमधील आपली कोरडी हवा ओलाव्याने गार करायला उत्तम, आणि ओले गोणपाट किंवा जुना कूलर हरितगृहात खरोखर उपयोगी पडतो. मात्र खोलीत कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते हे ज्याला माहीत असते, तोच माणूस हरितगृह चारही बाजूंनी बंद करून कूलर लावतो. मग दमट, कोंदट हवा होते आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. जूनच्या पावसानंतर हवेतच ओलावा असल्याने कूलरने काहीही साधत नाही. कूलर, पंखा किंवा दिवा लावायचा असेल तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा; ओली फरशी आणि लोखंडी खांब यांच्या सोबतीला साधा एक्स्टेंशन बोर्ड ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

रावेर-यावलच्या केळीबागांची मे-जूनच्या वादळात काय अवस्था होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उघड्या शेडमधून वारा आरपार जातो. तीन बाजू बंद केल्या आणि चौथीकडून वारा आत घुसला की तो पत्र्याला खालून उचलू लागतो. म्हणजे जे शेड दहा वर्षे हलले नाही, ते आपण बंदिस्त केल्यामुळे उडू शकते. बाजूंचे प्लॅस्टिक म्हणूनच कायमचे ठोकू नये. खाली पाइप घालून पडद्यासारखे गुंडाळता येईल असे करावे, आणि पत्रा धरून ठेवणारे जे-हूक बोल्ट व खांबांचे पाये काम सुरू करण्यापूर्वीच तपासून घ्यावेत. प्लॅस्टिक साधे घेतले तर एकाच उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे होतात. २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी फिल्म साधारण तीन वर्षे चालते.

गच्चीवर हे करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब करावा. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भार साधारण दर चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो, आणि १५ इंच व्यासाची व तेवढ्याच उंचीची मातीची पिशवी ओली झाली की ५० किलोंच्या वर सहज जाते. अशा पिशव्या स्लॅबच्या मधोमध न मांडता तुळईच्या व भिंतीच्या रेषेवर ठेवाव्यात. सामासिक अंतरातील (घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेतील) शेड बंदिस्त करण्याआधी नगरपालिकेत विचारणा करणेही शहाणपणाचे.

माती आणि पाणी यांतही आपल्या भागाचा स्वभाव आडवा येतो. शेतात सोने पिकवणारी काळी माती कुंडीत मात्र ओली असताना चिखल आणि सुकल्यावर भेगाळलेली ढेकळे होते. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घेऊन त्यात थोडी वाळू मिसळावी. कोकोपीट धुण्याचा आळस करू नये, कारण त्यात क्षार असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात ते आधीच पुष्कळ असतात. छपराखाली पाऊस पडत नसल्याने हे क्षार धुतले जात नाहीत. कुंडीच्या कडेला पांढरी खर दिसू लागली आणि पानांच्या कडा तपकिरी झाल्या की तो खताचा नव्हे, क्षारांचा दोष समजावा. पंधरा दिवसांतून एकदा तळाच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत पाणी द्यावे. त्याच पत्र्याला पन्हळ लावून पावसाचे पाणी साठवले तर आणखी चांगले: १०० चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे ६,५०० लिटर पाणी पडते. टाकी व थाळ्या मात्र झाकाव्यात किंवा आठवड्याला रिकाम्या कराव्यात, नाहीतर डेंग्यूचे डास हरितगृहातच वाढतील. आणखी एक, मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. ते नळीने थेट मुळांशी सोडू नये, पहाटेच पाणी द्यावे.

सर्व नीट करूनही काही तक्रारी उरतातच. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर जड पाण्यामुळे लोह मिळत नाही असे समजून चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करावी. टोमॅटोची फुले गळत असतील तर आधी तापमान पाहावे. दिवसा ३५ आणि रात्री २५ अंशांच्या वर गेल्यावर फळ धरतच नाही आणि त्यावर कोणतेही टॉनिक उपयोगी पडत नाही. तापमान ठीक असूनही फुले गळत असतील तर जाळीमुळे वारा आणि मधमाशा दोन्ही बंद झाल्या आहेत, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फांद्या हलक्या हाताने झटकाव्यात. भरताच्या वांग्यालाही हेच लागू. वेलवर्गीय भाज्यांना नर फूल मादी फुलावर फिरवावे लागते, आणि इथे वेळेची गंमत आहे: गिलक्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. मी दोडक्याला कित्येक दिवस सकाळी शोधत होतो.

पानांवर फिकट ठिपके आणि खालून बारीक जाळे दिसले तर ते लाल कोळी होत. कोरड्या, उष्ण हवेत ते झपाट्याने वाढतात, आणि ते कीटक नसल्यामुळे पांढऱ्या माशीवरची पुष्कळ औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. पानांच्या खालच्या बाजूवर दोन-तीन दिवसांआड पहाटे पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. निंबोळी तेल संध्याकाळीच फवारावे. उन्हात ते पान जाळते.

आता आमच्या ओट्याचे वेळापत्रक ठरून गेले आहे. दिवाळीनंतर पडदे लावतो, थंडीत पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा रात्री ते सोडतो आणि सकाळी आठला गुंडाळतो. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो याच काळात. होळी झाली की प्लॅस्टिक धुऊन, घडी करून माळ्यावर जाते आणि त्याच्या जागी जाळी येते. एप्रिल-मेमध्ये पीक घेण्याचा हट्ट मी सोडला आहे. तेव्हा तिथे कढीपत्ता, शोभेची झाडे आणि मेअखेर पेरलेली वांगी-मिरचीची रोपे एवढेच असते, आणि ती रोपे जुलैत अंगणात लावली जातात.