चार संगणकांना काम वाटू नका, मागू द्या

समजा, १,२०० फोटो लहान आकारात करायचे आहेत आणि हाताशी चार संगणक आहेत. तिघांना एका फोटोला २ सेकंद लागतात, चौथ्या जुन्याला ६. प्रत्येकी ३०० वाटले, तर तिघे १० मिनिटांत मोकळे होतात आणि जुना पठ्ठ्या अर्धा तास रखडतो. हात रिकामा झाला की ज्याने त्याने पुढचा फोटो उचलला, तर तेच काम साधारण १२ मिनिटांत उरकतं. हेच डायनॅमिक लोड बॅलन्सिंग. शेंगा फोडायला बसल्यावर तरी कोण मोजून वाटतं? ढिगातून ओंजळभर ओढायच्या, संपल्या की पुन्हा. (सगळी यंत्रं आणि कामं खरोखर सारखीच असतील, तर मात्र सरळ वाटून मोकळे व्हा.)

१. एका संगणकावर कामांची रांग ठेवा. रेडिस (नोंदी मेमरीत ठेवणारं वेगवान साठवणीचं सॉफ्टवेअर) चालेल, एवढ्याशा कामाला डेटाबेसमधलं एक टेबलही पुरतं. नोंद वाचणं आणि तिच्यावर ‘घेतली’ अशी खूण करणं नोंदीला कुलूप लावून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये दुसऱ्याला शिरता येणार नाही अशा एका अखंड पायरीत व्हायला हवं, नाहीतर एकच फोटो दोघे उचलतील.

२. गठ्ठ्याचा आकार ठरवा. खरी मेख इथेच आहे. एकेक फोटो मागितला, तर दरवेळी नेटवर्कवर विचारपूस करावी लागते आणि कामं अगदी छोटी असतील, तर त्यातच वेळ जातो. ५०चा गठ्ठा केला आणि शेवटचा नेमका जुन्या यंत्राच्या हाती लागला, तर बाकीचे जवळजवळ ५ मिनिटं त्याचं तोंड बघत बसतात. १०च्या गठ्ठ्यात हीच वाट मिनिटभराची. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीला मोठे गठ्ठे द्यायचे आणि काम संपत येईल तसे लहान करायचे. ओपनएमपी या, एकाच प्रोग्रॅमचं काम अनेक प्रोसेसरांत वाटणाऱ्या प्रणालीतलं ‘गाइडेड’ शेड्यूल हेच करतं.

३. प्रत्येक गठ्ठ्याला मुदत घाला. १० फोटोंना जुन्या यंत्राला मिनिट लागतं, म्हणून तीन मिनिटं द्या. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर यंत्र बंद पडलं असं समजून गठ्ठा परत रांगेत. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या, म्हणजे खऱ्या नावाने अर्धवट फोटो मागे राहत नाहीत.

४. रांग रिकामी झाली, की रेंगाळलेले गठ्ठे मोकळ्या यंत्रांनाही द्या. जो आधी संपवेल त्याचं घ्या. गूगलच्या मॅपरिड्यूस (मोठं काम अनेक यंत्रांत वाटण्याची पद्धत) या २००४च्या शोधनिबंधात ही सोय बंद केल्यावर सॉर्टिंगला ४४ टक्के जास्त वेळ लागला होता. काम ईमेल पाठवण्याचं असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका. एकाच माणसाला तेच पत्र दोनदा जाईल.