एकविसाव्या वर्षी वोल्फ्सबुर्ग, तिसाव्या वर्षी ॲनफिल्ड

पोलंडचा फुटबॉल म्हटला की पोरं स्ट्रायकर लेवांडोव्स्कीपासून सुरू होतात आणि तिथेच थांबतात. मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, खेळणारा मुलगा माझ्याकडे सरावाला आला की मी त्याला मातेउश क्लिखची कारकीर्द वर्षावार सांगतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचं म्हणणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, आणि त्याहून जास्त त्याच्या आईवडिलांना, करार, लोन, बेंच म्हणजे प्रत्यक्षात काय ते इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी कारकीर्द मला माहीत नाही.

क्लिख 1990 चा, दक्षिण पोलंडमधल्या तार्नूफचा. गावच्या तार्नोव्हिया क्लबातून तो क्राकूफच्या क्राकोव्हियात आला. 1906 सालचा हा जुना क्लब. तिथे पहिल्या श्रेणीत नाव झालं आणि 2011 मध्ये, एकविसाव्या वर्षी, जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गने त्याला घेतलं. दोनच वर्षांपूर्वी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिल्या श्रेणीची लीग, जिंकलेला क्लब, आणि ती जिंकून देणारे प्रशिक्षक फेलिक्स मागाट परत आलेले. घरच्यांना याहून आणखी काय हवं?

वोल्फ्सबुर्गकडून बुंडेसलिगात तो एकही सामना खेळला नाही.

इथे मुलं गप्प होतात, म्हणून इथेच मी जास्त वेळ घालवतो. मोठ्या क्लबात मिडफिल्डच्या जागा तीन, फार तर चार. दावेदार त्याच्या दुप्पट-तिप्पट. मागाट तर भरमसाट खेळाडू घेण्यासाठीच ओळखले जात. करार पगाराची हमी देतो, मैदानाची देत नाही. स्ट्रायकरचं एक वेळ निभतं: शेवटची दहा मिनिटं मिळाली, एक गोल मारला, पेपरात नाव आलं. मिडफिल्डरचं तसं नसतं. पास कुणाला कुठल्या पायावर हवा, बॅक (बचावपटू) वर गेला की मागची जागा कोण धरणार, हे दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळूनच अंगात मुरतं. विशीतली अशी दोन वर्षं गेली तर ती जिमने भरून निघत नाहीत.

क्लिखला वाट सापडली ती लहान क्लबात. 2013 च्या सुरुवातीला तो लोनवर नेदरलँड्सच्या पीईसी झ्वोलेकडे गेला, आणि पुढे तिथेच कायमचा करार झाला. लोन म्हणजे खेळाडू एका क्लबाचा, पण ठरावीक मुदतीसाठी खेळतो दुसऱ्याकडून. आपल्याकडे लोनवर पाठवलं म्हणजे टाकून दिलं असा समज आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. विचारायचं एवढंच: तिथल्या प्रशिक्षकाला माझ्या जागी खरंच माणूस हवा आहे का, आणि तो संघ मला मानवेल असा खेळतो का? झ्वोलेत दोन्हीची उत्तरं होकारार्थी निघाली. एप्रिल 2014 मध्ये डच चषकाच्या अंतिम सामन्यात झ्वोलेने बलाढ्य अयाक्सला 5-1 असं हरवलं. झ्वोलेचा तो पहिलाच मोठा चषक.

त्यानंतर पुन्हा वोल्फ्सबुर्ग, पुन्हा तीच गत. मग कायझर्सलाउटर्न, ट्वेंटे, 2017 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतलं लीड्स युनायटेड, आणि सहा महिन्यांत तिथूनही उट्रेख्तला लोन. कागदावर ही यादी धरसोडीची दिसते. नीट पाहिलं तर प्रत्येक वेळी तो खेळायला मिळेल अशा ठिकाणी गेलेला आहे, मग क्लब एक पायरी खालचा का असेना.

2018 च्या उन्हाळ्यात लीड्सला मार्सेलो बिएल्सा प्रशिक्षक म्हणून आले. क्लिख त्यांच्या पहिल्या पसंतीचा नव्हता. पण मोसमापूर्वी मिडफिल्डर ॲडम फोर्शॉला दुखापत झाली, जागा मोकळी झाली आणि स्टोक सिटीविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात क्लिख उतरला. पंधराव्या मिनिटाला गोल. तिथून पुढे सलग 90 हून अधिक लीग सामन्यांत तो पहिल्या अकरात होता! पहिल्याच मोसमात लीगमध्ये दहा गोल. त्याच सप्टेंबरात तो पोलंडच्या संघात परतला आणि व्रोत्स्वाफमध्ये आयर्लंडविरुद्ध बरोबरीचा गोल केला.

नशीब म्हणून सोडून देऊ नका. बिएल्सा खेळाडूंचं वजन काटेकोर ठरवून देत. बुधवारी त्यांचा 'मर्डरबॉल' असे: अकरा विरुद्ध अकरा, खेळ थांबूच द्यायचा नाही, चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत. सामन्यात प्रत्येकाने आपापल्या माणसामागे मैदानभर धावायचं. जागा दुखापतीने मोकळी होते, पण ती दोन वर्षं टिकवायला अंगात हे लागतं.

आणि मन लागतं. 28 एप्रिल 2019, लीड्सचं मैदान एलंड रोड, समोर ॲस्टन व्हिला. व्हिलाचा कोजिया जखमी होऊन पडलेला, त्याचे सहकारी चेंडू बाहेर जाईल म्हणून थबकलेले. लीड्सच्या टायलर रॉबर्ट्सने तो पुढे खेळला आणि क्लिखने गोल केला. मैदानावर धक्काबुक्की झाली. बिएल्सांनी आपल्या संघाला बाजूला होऊन व्हिलाला गोल करू देण्याचा हुकूम दिला आणि सामना 1-1 सुटला. पुढे त्यासाठी फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. पण वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये लीड्स डर्बीकडून हरलं आणि सगळं वर्ष वाया गेल्यासारखं झालं. क्लिख दुसऱ्या मोसमात तसाच धावत राहिला. जुलै 2020 मध्ये लीड्स 16 वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, परतलं.

12 सप्टेंबर 2020 ला गतविजेत्या लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्याच ॲनफिल्ड मैदानावर पहिला सामना. लिव्हरपूल 3-2 ने पुढे असताना बॉक्समध्ये आलेला पास क्लिखने एका स्पर्शात ताब्यात घेतला आणि दुसऱ्या स्पर्शात खाली कोपऱ्यात मारला. 3-3. शेवटी सलाहच्या पेनल्टीवर लीड्स 4-3 ने हरलं. क्लिखचं वय तेव्हा तीस होतं. 2018 आणि 2022 हे दोन्ही विश्वचषक त्याच्या वाट्याला आले नाहीत; 2021 मध्ये युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, मात्र खेळला. पुढे अमेरिकेत डीसी युनायटेड, अटलांटा, आणि 2025 मध्ये परत क्राकोव्हिया.

स्टोकविरुद्धचा तो 2018 चा सामना मिळाला तर वही-पेन घेऊन बसा. पहिला पाऊण तास चेंडू सोडून द्या, फक्त 43 नंबरच्या शर्टावर नजर ठेवा. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो कुठे उभा राहतो, आणि पास येणार नाही हे दिसत असूनही किती वेळा बॉक्समध्ये धाव घेतो, ते लिहून काढा. पुढच्या सरावाला येताना ती वही सोबत आणा.