दोन क्रूझ जोडून एक लांब सफर: तयारीची यादी

जहाजाची एक क्रूझ सकाळी संपते, त्याच संध्याकाळी त्याच जहाजाची पुढची क्रूझ सुटते, आणि दोन्हींचं बुकिंग केलेलं असल्यामुळे आपण जहाजावरच राहतो. याला बॅक टू बॅक क्रूझ म्हणतात. निवांत, लांब सफर हवी असेल तर मला हाच सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. बॅगा एकदाच रिकाम्या करायच्या, विमानाचा खर्च एकदाच, आणि दुसऱ्या आठवड्यात जहाजाचा कोपरा न् कोपरा ओळखीचा झालेला असतो. तयारीला लागताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमच्या लेखी ही एक सफर असली तरी कंपनीच्या लेखी त्या दोन आहेत: दोन बुकिंग नंबर, दोन बिलं, दोन चेक-इन. बहुतेक अडचणी या दोन्हींच्या सांध्यावरच येतात.

आधी मार्ग. तोच मार्ग दोनदा घेतला तर बंदरं तीच, आणि सात रात्रींच्या सफरींत मुख्य डायनिंग रूमचा मेनू आणि थिएटरमधले कार्यक्रमही बहुधा तेच येतात. कॅरिबियनमध्ये बरीच जहाजं एक आठवडा पूर्वेकडे आणि पुढचा पश्चिमेकडे जातात, तिथे जोडी छान जमते. काही कंपन्या अशा सफरी स्वतःच जोडून विकतात. हॉलंड अमेरिका लाइन त्यांना ‘कलेक्टर्स व्हॉयेज’ म्हणते. म्हणून एकाच दिवशी दोन्ही भाव काढा: जोडून किती आणि सुटं सुटं किती. कुठलं स्वस्त पडेल ते आधी सांगता येत नाही.

जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागणार असेल तर पैसे भरण्याआधी १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट हा अमेरिकी कायदा समजून घ्या. हा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते, कारण तो चुकला तर अख्खं नियोजन कोसळतं. परदेशी नोंदणीच्या जहाजाने प्रवाशाला अमेरिकेच्या एका बंदरात चढवून दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचं असेल, तर वाटेत ‘दूरचं’ परदेशी बंदर लागावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीचीच असतात. कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा, बहामा आणि बहुतेक कॅरिबियन बेटं या कायद्यात ‘जवळची’ धरली जातात. अरुबा, बोनेर, क्युरासाव आणि दक्षिण अमेरिकेची बंदरं दूरची. आणि इथे गंमत उलटी आहे: कंपनीच्या लेखी सफरी दोन असल्या तरी तुम्ही त्याच जहाजावर राहिलात तर हा कायदा त्यांना एकच प्रवास मानतो. अलास्कातल्या व्हिटियरहून कॅनडातल्या व्हँकूव्हरपर्यंतची क्रूझ चालते, व्हँकूव्हरहून लॉस एंजेलिसपर्यंतचीही चालते. दोन्ही एकाच जहाजावर जोडल्या की व्हिटियर ते लॉस एंजेलिस असा प्रवास होतो आणि तो चालत नाही. उलट व्हँकूव्हरहून व्हिटियरला जाऊन परत व्हँकूव्हरला येणं चालतं, कारण सुरुवात आणि शेवट कॅनडात आहे. संगणक कधी कधी असं न चालणारं बुकिंगही घेतो आणि नकार नंतर येतो. म्हणून दोन्ही बुकिंग एकाच व्यक्तीसाठी एकाच जहाजावर जोडायची आहेत, हे कंपनीला किंवा एजंटला स्पष्ट सांगून चालत असल्याची खात्री लेखी घ्या.

व्हिसा पूर्ण सफरीसाठी तपासा. भूमध्य समुद्रात जहाज शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) हद्दीतून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल, तर व्हिसा लागणाऱ्यांना तो अनेक प्रवेशांचाच हवा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे डुब्रोवनिकचे दिवसही मोजणीत येतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. अनेक क्रूझ जोडणाऱ्यांनी कॅलेंडर घेऊनच बसावं. पासपोर्टची मुदत शेवटच्या दिवसानंतरही सहा महिने शिल्लक असू द्या.

केबिन दोन्ही सफरींत तीच मिळवण्यासाठी थोडा हट्ट करा. दोन्ही बुकिंग एकाच वेळी, केबिनचा नंबर स्वतः निवडून करा. कंपनीने नंतर नंबर द्यायचा, अशा स्वस्त भाड्याच्या मोहात इथे पडू नका. दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायला सांगा. केबिन बदलावीच लागली तरी हँगरवरचे कपडे कर्मचारी बहुधा तसेच हलवतात, बाकीचं तेवढं बॅगेत भरून ठेवायचं. औषधं, पासपोर्ट आणि दागिने मात्र स्वतःजवळ.

विमा एकच, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा. काही पॉलिसींमध्ये एका प्रवासाच्या दिवसांवर मर्यादा असते, ती आधी बघा. दोन्ही बुकिंगच्या उरलेली रक्कम भरायच्या आणि रद्द करायच्या तारखा वेगळ्या असतात. एक रद्द केली म्हणून दुसरी आपोआप रद्द होत नाही, तेव्हा तारखा एकत्र लिहून ठेवा. इंटरनेट, पेयं आणि खास रेस्टॉरंटची पॅकेजं प्रत्येक सफरीसाठी वेगळी घ्यावी लागतात. पहिल्या सफरीचं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला खात्यात जमा असलेली रक्कम) परत मिळणारं नसेल तर तिथेच संपवा. पहिलं खातं मिटतं आणि दुसरं उघडतं तेव्हा कार्डावर दोन्हींच्या रकमा थोडे दिवस अडकू शकतात, म्हणून कार्डाची मर्यादा पुरेशी ठेवा.

मधला दिवस. आदल्या रात्री केबिनबाहेर बॅगा ठेवू नका आणि तुम्ही पुढे जाणार आहात हे केबिनच्या कर्मचाऱ्याला सांगून ठेवा. केबिनमध्ये पुढे जाणाऱ्या प्रवाशांसाठी सूचनापत्र येतं: किती वाजता, कुठे जमायचं. अमेरिकी बंदरांत तपासणीसाठी सगळ्यांना जहाजाबाहेर यावं लागतं. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत थांबायचं, मग जहाजाचं नवं कार्ड घेऊन इतरांच्या आधी परत चढायचं. युरोपात अनेक ठिकाणी जहाजावरच थांबता येतं. पुढचे दोन तास मोठे सुखाचे असतात, स्विमिंग पूल जवळजवळ रिकामा मिळतो. त्या दिवशी बंदरात फिरायला जायचं असेल तर परत येण्याची वेळ नीट विचारून घ्या. सुरक्षा कवायत पुन्हा करायला सांगतील, ती मनापासून करा. २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेत ३२ जणांचा जीव गेला, त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेण्याचा नियम झाला.

कपडे एका आठवड्यापुरतेच घ्या. काही जहाजांवर स्वतः कपडे धुण्याची मशिनं असतात, नाहीतर पैसे देऊन धुलाई करून मिळते. प्रवासात वापरायची छोटी इस्त्री न्यायला आगीच्या भीतीने सहसा बंदी असते, तेव्हा चुरगळणारे कपडे घरीच ठेवा. औषधं पूर्ण सफरीची आणि वर आठवड्याभराची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दुसऱ्या सफरीचं ऑनलाइन चेक-इन आणि सहलींचं बुकिंगही घरूनच उरकून टाका, कारण समुद्रात इंटरनेट महाग आणि बेभरवशाचं असतं.