नागपूरची गाडी चिखलदऱ्याच्या घाटात : या चुका टाळा

पहाटे पाचला नागपूर सोडायचे, कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा करत चिखलदरा गाठायचे आणि रात्री घरी यायचे, ही गाडीची मनापासून आवड असलेल्या माणसाची लाडकी सहल. जाऊन-येऊन सुमारे साडेचारशे किलोमीटरांच्या या प्रवासासाठी बहुतेक जण गाडी महामार्गाच्या हिशेबाने तयार करतात. खरी परीक्षा मात्र घाटात, आणि तीही चढताना नव्हे, तर उतरताना होते. आपले शहर सपाट असल्यामुळे ब्रेक सलग मिनिटभर दाबून ठेवण्याची वेळ वर्षभरात येत नाही आणि त्यांच्यातला दोष घरी लक्षात येत नाही.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे आणि पायथ्याचे परतवाडा त्याच्या ७०० मीटरांहून अधिक खाली. कुटुंब आणि सामान धरून दीड टन भरणारी गाडी एवढी उतरते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा साधारण ३० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. ती सगळी ब्रेकवर टाकायची की तिचा मोठा वाटा इंजिनाला उचलू द्यायचा, हे चालकाने ठरवायचे असते. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणे ही सर्वांत घातक चूक आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आजच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो, त्यामुळे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण इंजिनाकडून ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंग जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये, कधी त्याहूनही खालच्या गिअरमध्ये उतरावे. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी 'एल' किंवा मॅन्युअल मोड असतो.

ब्रेक ऑइल : न दिसणारी चूक

हे मी स्वतः अनुभवले आहे. नव्या टायरांवर आणि पॉलिशवर मी हौसेने खर्च केला होता, पण ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेले नव्हते, आणि सर्व्हिस करणाऱ्यांनीही त्याकडे लक्ष दिले नव्हते. निम्मा घाट उतरल्यावर मागून पत्नी म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." क्लच प्लेट घासल्यावर येतो तसा उग्र वास काचांतून आत येत होता आणि एरवी कडक असलेले पेडल स्पंजासारखे खाली जात होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शिरल्यावर मात्र तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पाय दाबतो तो दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे.

अशी वेळ आलीच, तर गिअर क्रमाने खाली आणावा, पेडल भराभर दाबून-सोडून दाब परत येतो का पाहावे, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि रुंद जागा दिसताच थांबावे. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, धातू वाकतो किंवा तडकतो. थांबल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक करकचून न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा, आणि निघताना तो दगड आठवणीने रस्त्याबाहेर ठेवावा. मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आपटू शकतो. आम्ही अर्धा तास थांबलो. चाकाजवळ हात नेला की धग लागत होती, आणि धाकटी लेक मात्र दरीतले ढग मोजत बसली होती.

चढताना आणि धुक्यात

चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरणे ही शहरातल्या सिग्नलवरची सवय आहे. घाटात हँडब्रेक वापरावा. तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करून बाजूला थांबावे आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियमच आहे. पावसाळ्यातल्या धुक्यात लो बीमवर चालवावे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवले, तर वळण्याचा इशाराच मागच्याला कळत नाही.

टायरची हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराशी लिहिलेल्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावी.

मुलांना घाट लागतो तो बहुधा आपल्या चालवण्यामुळे. वळणाआधीच वेग कमी करून वळण एका संथ गतीत पार केले, तर निम्म्या उलट्या टळतात. निघताना तर्री-पोह्यांचा मोह आवरून मुलांना हलके खाऊ घालावे. हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास अंधारते आणि हा मेळघाटाचा परिसर आहे, वन्यप्राणी रस्त्यावर येतात. म्हणून देवी पॉइंट आणि गाविलगड दुपारपर्यंत आटोपून चारच्या आत घाट उतरायला लागावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतवाडा गाठावे.