अधिवेशन चालू असताना आमदारांनी मतदारसंघाला अपडेट कसे द्यावेत

अधिवेशन सुरू झालं की आमदारांच्या पेजवर रोज पोस्ट पडायला लागतात. सभागृहात बोलतानाचा फोटो, वर मोठ्या अक्षरात "मतदारसंघाचा आवाज विधानभवनात", आणि खाली कार्यकर्त्यांचे हात जोडलेले इमोजी. गावातल्या माणसाला जे हवं असतं ते मात्र त्यात सापडत नाही. त्याला कळून घ्यायचं असतं की ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर येणार का, ओढ्यावरचा पूल या वर्षी तरी सुरू होणार का, पीकविम्याचे पैसे कुठे अडकलेत. म्हणजे काम आज कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगा, एवढीच त्याची मागणी असते. ती पूर्ण करणं अवघड नाही, पण त्यासाठी पद्धत लागते. आमदारांचे पीए, सोशल मीडिया बघणारी पोरं-पोरी आणि पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य यांच्यासाठी ती इथे लिहितोय.

अधिवेशनाच्या आधीच तयारी

आपल्याकडे वर्षात तीन अधिवेशनं होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत आणि हिवाळी नागपूरला. कालावधी कमी-जास्त होतो, २०२१ चं पावसाळी तर दोनच दिवसांचं होतं. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर बघू म्हणालात तर हातात काहीच राहत नाही. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचं असतं) तर अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, म्हणजे आमदारांनी काय काय विचारलंय ते तुम्हाला आधीपासून माहीत असतं. मग एक साधं रजिस्टर करा, वही चालेल, एक्सेल चालेल. विषय, कुठल्या गावाचा, कशातून मांडला (तारांकित, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना म्हणजे लक्षवेधी, अध्यक्षांच्या परवानगीने थोडक्यात मांडायचा औचित्याचा मुद्दा, खात्याच्या खर्चात कपात सुचवून प्रश्न मांडायची कपात सूचना, जे असेल ते), कुठल्या तारखेला लागणार, काय उत्तर आलं, पुढे काय. सहा रकाने पुरे. सगळे अपडेट याच रजिस्टरमधून निघायला हवेत, मूडप्रमाणे नाही.

आणि अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात एक मेसेज जाऊ द्या, की या वेळी हे हे विषय दिलेत, आणखी कुणाचा सार्वजनिक प्रश्न असेल तर अमुक तारखेपर्यंत कागदासकट ऑफिसात द्या. कागदासकट हे मुद्दाम लिहा. "आमच्याकडे पाणी येत नाही" यावर आमदार सभागृहात दोन वाक्यं बोलतील, पण योजनेचं नाव, काम कधी थांबलं, ठेकेदाराला दिलेली नोटीस, ग्रामसभेचा ठराव एवढं हातात असेल तर मंत्र्यांना टाळाटाळ करता येत नाही.

रोजचा मेसेज कसा लिहायचा

दिवसाला एकच मेसेज, संध्याकाळी, कामकाज संपल्यावर, आणि तो फोनच्या एका स्क्रीनमध्ये बसला पाहिजे. सकाळी ११ ला काय होणार आणि दुपारी काय झालं असं दर तासाला टाकत बसू नका, लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग खरंच महत्त्वाचं असतं तेही वाचलं जात नाही.

नमुना म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदं रिकामी आहेत आणि त्यावर लक्षवेधी लागली. नेहमीची पोस्ट अशी असते: "ग्रामीण रुग्णालयाच्या प्रश्नावर आमदार साहेब आक्रमक, सरकारला धरले धारेवर!" वाचणाऱ्याला यातून काहीच मिळालं नाही. त्याऐवजी हे बघा:

"नमस्कार मंडळी. आज ग्रामीण रुग्णालयाच्या रिक्त पदांवर आपली लक्षवेधी चर्चेला आली. आपण तीन गोष्टी मागितल्या होत्या: स्त्रीरोगतज्ज्ञ, रात्रपाळीचा डॉक्टर आणि बंद पडलेलं एक्स-रे मशीन. मंत्र्यांनी सांगितलं की स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद कंत्राटी पद्धतीने भरू, त्याला मुदत दिलेली नाही. एक्स-रे मशीनचा प्रस्ताव मंत्रालयात आहे असं लेखी निवेदनात आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरबद्दल उत्तर मिळालं नाही, त्यासाठी मंत्र्यांना उद्या पत्र देतोय. म्हणजे आज मंजूर काहीच झालेलं नाही, एका गोष्टीचं आश्वासन मिळालंय."

शेवटचं वाक्य लिहायला हात थरथरतो ऑफिसवाल्यांचा, साहेब रागावतील म्हणून. पण तेच वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, कारण महिन्याभराने रुग्णालयात गेलेल्या बाईला डॉक्टर दिसला नाही तर ती म्हणणार नाही की आमदार खोटं बोलले. तिला आधीच माहीत असेल की अजून पाठपुरावा चालू आहे.

कधी कधी विषय लागूनही चर्चा होत नाही. गोंधळात कामकाज तहकूब होतं, लक्षवेधी राखून म्हणजे पुढे ढकलून ठेवली जाते, प्रश्नोत्तराचा तास संपतो आणि आपला प्रश्न यादीत खालीच राहतो. तेही सांगा, सरळ. "आज आपला प्रश्न यादीत होता, तिथपर्यंत कामकाज पोचलं नाही, लेखी उत्तर आलंय ते असं आहे." यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट लोकांना कळतं की सभागृहाचा वेळ वाया गेला की आपल्या गावाचं काय जातं.

लेखी उत्तर लोकांच्या भाषेत आणा

तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे, त्यात "हे खरे आहे", "हे अंशतः खरे आहे", "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही" अशी वाक्यं असतात. ते पान तसंच्या तसं फोटो काढून टाकलं तर लोकांना वाटतं सरकारने प्रश्नच उडवून लावला. "प्रश्न उद्भवत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आधीच्या भागाचं उत्तर दिल्यामुळे किंवा तो भाग नाकारल्यामुळे पुढच्या भागाला वेगळं उत्तर दिलेलं नाही. आणि "अंशतः खरे आहे" असेल तर नेमका कुठला अंश कबूल केलाय ते शोधा. रस्त्याचं काम रखडलंय हे मान्य, पण बिल जास्तीचं काढलंय हे मान्य नाही, असं काहीतरी निघतं. तेवढं दोन ओळींत समजावून सांगा आणि मूळ पान सोबत जोडा, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

"मंजूर" हा शब्द जपून वापरा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. एखाद्या कामाचा प्रवास साधारण असा असतो: मागणी, मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मधे मागितलेला जादा खर्च) तरतूद, मग प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला होकार), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला इंजिनिअरांचा होकार), निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश), आणि मग प्रत्यक्ष काम. यातल्या पहिल्या पायरीवर पत्र दिलं तरी बॅनर लागतो, दुसऱ्या पायरीवर लागतो, प्रशासकीय मान्यतेला लागतो, आणि भूमिपूजनाला तर लागतोच. एकाच पुलाचे चार बॅनर बघून झाले आणि पूल नाही, मग माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही, जो आमदार खरंच धडपडतोय त्याच्यावरही नाही.

म्हणून अपडेटमध्ये पायरीचं नाव लिहा. "पुलाचं काम पुरवणी मागण्यांमध्ये आलं आहे. अजून प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश बाकी आहे." पैशाचंही तसंच. समजा काम १० कोटींचं आहे आणि या वर्षीची तरतूद १ कोटीची, तर दोन्ही आकडे द्या. नुसतं "१० कोटींचा निधी आणला" हे बरोबर नाही. शासन निर्णय (जीआर) निघाला असेल तर त्याची तारीख आणि संकेतांक म्हणजे त्याचा नंबर टाका, म्हणजे ज्याला हवा तो शासनाच्या वेबसाइटवरून स्वतः काढून वाचेल. आणि आमदार निधीतलं काम असेल तर तसं वेगळं लिहा, कारण तो वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी आहे, त्याचा अधिवेशनात मिळालेल्या कामांशी संबंध नाही, आणि दोन्ही एकत्र मोजले की हिशोब कुणालाच लागत नाही.

विधेयकांचं पण हेच. विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला नाही. दोन्ही सभागृहांत मंजूर व्हायला हवं, राज्यपालांची संमती हवी, मग राजपत्रात येतं. मधे ते समितीकडेही जाऊ शकतं आणि तिथे सामान्य माणसाला बोलायची संधी असते, जी आपल्याकडे बहुतेकांना माहीतच नसते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ते मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने सूचना-हरकती मागवल्या, १२ हजारांहून जास्त आल्या, आणि बदलांसह ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. तुमचे आमदार विधेयकाच्या बाजूने असोत की विरोधात, "सूचना या तारखेपर्यंत या पत्त्यावर पाठवा" हा मेसेज मतदारसंघात जायलाच हवा. माझ्या मते अख्ख्या अधिवेशनातला तो सगळ्यात उपयोगी मेसेज असतो, कारण बाकी मेसेज झालेलं सांगतात आणि हा एकच माणसाला काही करायला देतो.

काय टाकायचं नाही

अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेलं वाक्य व्हिडिओ कापून फिरवायचं नाही, कितीही व्हायरल होणार असलं तरी, तो हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराला धक्का दिल्याचा विषय होऊ शकतो. सभागृहात बसून मोबाइलवर शूटिंग करायचं नाही, थेट प्रक्षेपण असतंच, त्यातली क्लिप घ्या. समितीच्या बैठकीत काय झालं ते अहवाल सभागृहात येईपर्यंत बाहेर सांगायचं नाही. आणि क्लिप कापताना मंत्र्यांचं उत्तर कापू नका, प्रश्न दोन मिनिटांचा आणि उत्तर गायब असं केलं की तो अपडेट राहत नाही, जाहिरात होते.

अजून एक, ज्याच्याकडे फार दुर्लक्ष होतं. एखाद्या विधवा ताईंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अडकला आणि आमदारांनी तो मुद्दा मांडला, तर त्यांचं नाव, फोटो, आधार नंबर असलेला कागद पोस्टमध्ये दिसता कामा नये. "तालुक्यातल्या निराधार योजनेच्या अडकलेल्या अर्जांचा प्रश्न" एवढं पुरतं. गावात त्या ताईंना तोंड दाखवायचं असतं.

पोचवायचं कसं

व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच जातो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका यादीत २५६ च माणसं बसतात, म्हणून व्हॉट्सअॅप चॅनल काढा आणि त्याची लिंक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर जाऊ द्या. पण मोबाइलवरच सगळं सोडू नका. आठवड्यातून एकदा एक पानाची प्रिंट काढून ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी, एसटी स्टँड इथे चिकटवा, सकाळी दूध घालायला आलेली मंडळी उभ्या उभ्या वाचतात. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन मिनिटांचा ऑडिओ करा, आणि तो आमदारांच्या स्वतःच्या आवाजात असेल तर फरक पडतो. मेळघाटात तो कोरकूत हवा, गडचिरोलीत गोंडी-माडियात, बोलणारा कार्यकर्ता शोधला की मिळतो. कोकणातले चाकरमानी मुंबईत असतात पण गावच्या रस्त्याची चौकशी रोज करतात, त्यांचे मंडळांचे ग्रुप वेगळे धरा.

विधान परिषदेचे सदस्य असतील तर गणित जरा वेगळं. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघ कितीतरी जिल्ह्यांत पसरलेले असतात, तिथे गावानुसार अपडेट देऊन उपयोग नाही, विषयानुसार द्या: पेन्शन, अनुदानाचा टप्पा, भरती, असं.

उलट येणाऱ्या प्रश्नांना कोण उत्तर देणार तेही आधी ठरवा. अधिवेशनात आमदार आणि पीए दोघेही मुंबईला किंवा नागपूरला असतात, मतदारसंघातल्या ऑफिसात एक माणूस फक्त फोन घ्यायला आणि रजिस्टरमध्ये नोंद करायला बसलाच पाहिजे. शिव्या देणारी कमेंट आली तर डिलीट करू नका, त्यात प्रश्न असेल तर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या.

अधिवेशन संपल्यावर

शेवटच्या दिवशी रजिस्टर उघडा आणि एकच पान तयार करा: काय मांडलं, कशाला उत्तर आलं, कशाचं आश्वासन मिळालं, काय राहून गेलं. राहून गेलेलं लपवू नका, ते पुढच्या अधिवेशनाच्या यादीत वर घ्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, म्हणून मंत्री नेमकं काय बोलले ते कामकाजाच्या अधिकृत नोंदीतून शब्दशः उतरवून ठेवा, "करू", "तपासून घेऊ" आणि "तीन महिन्यांत करू" यात फार फरक आहे. मग त्या त्या विभागाला आमदारांच्या सहीने पत्र, सोबत त्या उताऱ्याची प्रत, आणि पत्राची पोच रजिस्टरला लावून ठेवा. महिन्याने ज्या गावाचा विषय होता त्या गावच्या ग्रुपवर पोचेचा फोटो आणि विभागाकडून काय कळलं ते टाका. काहीच कळलं नसेल तर तसंच लिहा, आणि स्मरणपत्र कधी देणार ती तारीख लिहा.