रोज जवळ बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर: या चुका टाळा

परवाना हातात पडला की माणूस थेट दुकानात जातो आणि विचारतो, "सगळ्यात हलकं कुठलं आहे?" मी नेमबाजीच्या रेंजवर नव्या परवानाधारकांना शिकवतो. त्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ मला या एका प्रश्नात सापडतं.

आपल्याकडे .३८ आणि ९ मि.मी. ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीच्या व्यासाची अशी मापं जी सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे सामान्य नागरिकासाठी रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा .३२. त्यात छोटं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक कानपूरचं ‘निर्भीक’. ते जानेवारी २०१४ मध्ये आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि वजनाला सुमारे ५०० ग्रॅम. दुसरं ‘प्रबल’, ऑगस्ट २०२३ मधलं, ७६ मि.मी. नळीचं आणि सुमारे ७०० ग्रॅमचं. ‘निर्भीक’ नळीकडचा भाग खाली वाकवून वरून उघडतं, ‘प्रबल’चं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, बाजूला झुलून बाहेर येतं. कागदावर फरक दोनशे ग्रॅमचा. दुकानात हातात घेतल्यावर हलकं लगेच आवडतं आणि तिथेच व्यवहार होतो.

फक्त वजन बघून घेणं

रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा खटका, मागे न ओढता नुसता चाप दाबून गोळी झाडायची, तर बोटाला साधारण पाच किलोचा जोर लावावा लागतो. हत्यार अर्ध्या किलोचं. म्हणजे बोट त्याच्या वजनाच्या दहापट ओढ लावतं, आणि पकड पक्की नसेल तर गोळी सुटण्याआधीच नळी खाली आणि बाजूला जाते. .३२ चा धक्का तसा सौम्य आहे. नवख्यांचा नेम धक्क्याने कमी आणि चापाने जास्त बिघडतो. वजनदार हत्यार ही चूक थोडीफार पोटात घेतं, हलकं अजिबात घेत नाही.

एक बांधकाम ठेकेदार आमच्याकडे आले होते. पगाराची रोकड घेऊन साइटवर जावं लागतं, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. त्यांनी सर्वांत हलकं मिळालं ते घेतलं आणि मूठही लहान बसवून घेतली, खिशात फुगवटा दिसू नये म्हणून. करंगळीला मुठीवर जागाच नव्हती. सात मीटरवर माणसाच्या छातीएवढं लक्ष्य होतं आणि पहिल्या गोळ्या लक्ष्याच्या अलीकडे मातीत गेल्या. मी म्हटलं, थांबा, आधी रिकाम्या हत्यारावर चाप शिकू. त्यांना घाई होती. त्यांनी अंगठ्याने घोडा मागे ओढला, कारण तसं केलं की चाप हलका होतो आणि नेम लागतो. पुढची गोळी खरंच मधोमध लागली. खुशीत त्यांनी पुन्हा घोडा चढवला, आणि तेवढ्यात रेंज अधिकाऱ्याने "थांबा" म्हणून आवाज दिला.

आता चढवलेला घोडा भरलेल्या काडतुसावर परत खाली आणायचा होता. हे त्यांना कोणीच शिकवलेलं नव्हतं. घामेजलेला अंगठा घोड्यावर, बोट चापावर, सगळी नजर आमच्याकडे. मी "बोट बाहेर" म्हणेपर्यंत अंगठा निसटला. नळी समोर होती म्हणून गोळी वाळूच्या पोत्यात गेली. हेच घरात किंवा गाडीत झालं असतं तर समोर कोण असतं, याचा विचार त्यांनी स्वतःच नंतर बोलून दाखवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगतो. बाळगायच्या हत्याराचा घोडा हाताने चढवायचाच नाही. सगळा सराव चापाच्या पूर्ण ओढीवर करायचा. आणि दुकानात वजन विचारण्याआधी हात मुठीवर ठेवून बघायचा. तिन्ही बोटं मावतात का? तर्जनीचं पहिलं पेर चापावर सरळ येतं का? दुकानदाराच्या परवानगीने, रिकामं असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला नळी धरून दहा वेळा चाप सावकाश ओढा. दहाव्या वेळी नळीचं टोक थरथरत असेल तर ते हत्यार तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही देखणं असो. घरी सराव करताना खोटी काडतुसं वापरा आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे. ज्याला इतका धीर नाही, त्याने हत्यार बाळगूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घोड्याखाली भरलेलं घर

दुसरी चूक वडिलोपार्जित किंवा जुनं विकत घेणाऱ्यांची. (घर म्हणजे सिलिंडरमधलं एक काडतूस बसायचं भोक.) जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागाला, टेकलेली असते. हत्यार पडलं, घोड्यावर आघात झाला, की चाप न दाबताही गोळी सुटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलातल्या एका खलाशाचा असाच, रिव्हॉल्व्हर डेकवर पडून, जीव गेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा अडवणारा सुधारित अडसर बसवायला सुरुवात केली. आजच्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर किंवा ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच घोड्याचा मार पिनेला पोचवणारी पट्टी) असतोच. चाप पूर्ण मागे ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत पोचत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली, ते आठवत असेल. त्यानंतर कित्येकांनी मला "आमचं सुरक्षित आहे ना?" म्हणून विचारलं. उत्तर फोनवर देता येत नाही. रिकामं हत्यार जाणत्या कारागिराकडे न्या, घोडा खाली आणि चाप सुटलेला असताना पिनेचं टोक पुढे डोकावतं का ते बघून घ्या, आणि अडसर आहे का ते उघडून तपासा. शंका उरली तर सहा घरांत पाचच काडतुसं भरा आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. "मग एक गोळी कमी पडेल" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना आधी सात मीटरवरचं लक्ष्य दाखवतो.

काडतुसात गफलत

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल, दोन्हींच्या काडतुसांना लोक ‘बत्तीस’ म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लांब आणि बुडाला बाहेर आलेली कड (रिम) असलेलं, तर पिस्तुलाचं ७.६५ मि.मी. आखूड आणि दाबाने जास्त. आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंही. बसतं म्हणून चालवायचं नाही. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडावरचा ठसा वाचा. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसावर ‘केएफ’ दिसेल आणि शेजारी प्रकार लिहिलेला असेल. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या काडतुसांवर जिवाची भिस्त ठेवू नका.

पिस्तुलासारखी पकड

पिस्तुलाची सवय असलेले अंगठे पुढे सरकवतात. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. बोटं त्या फटीच्या मागेच राहिली पाहिजेत.

मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणं

सिनेमात छान दिसतं. प्रत्यक्षात सिलिंडर धरणारा दांडा वाकतो आणि घरं नळीच्या रेषेत येईनाशी होतात. दोन्ही हातांनी, हळू बंद करा. जुनं घेताना हेही बघा: घोडा खाली आणि चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर जास्त डुगडुगत असेल तर सौदा सोडा.

नुसतं खिशात टाकणं

किल्ल्या, नाणी, मोबाइल आणि त्यात उघडा चाप. पर्समध्येही हेच. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू नको. शस्त्र नियम २०१६ नुसारही सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, झाकूनच न्यावं लागतं. लग्नात, मिरवणुकीत ते नेऊच नका. हर्षोल्हासात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जा आणि पावती जपून ठेवा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये पावसाळा काढणं

मुंबईत आणि कोकणात हे फार होतं. चामडं ओल धरतं, कमावतानाची रसायनं धातूला लागतात आणि आठवड्याभरात नळीच्या तोंडाशी तांबूस डाग उठतात. पितळी पुंगळ्यांवर हिरवट थर चढतो तो वेगळाच, आणि असं काडतूस सिलिंडरच्या घरात अडकून बसतं. जून ते सप्टेंबर मी हत्यार रात्री होल्स्टरच्या बाहेर काढतो, रिकामं करतो, तेलाचा हलका हात फिरवतो आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह तिजोरीत ठेवतो. काडतुसं वेगळ्या कुलपात. तेल काडतुसांना लागू देत नाही, कारण ते टोपीत झिरपलं तर गोळी फुसकी जाते.